काटा बंद आहे, काळजी करू नका

आमच्याकडे माणूस फोनवर कधी मरत नाही. त्याला 'जरा बरं नसतं', 'जरा लागलेलं असतं', नाहीतर 'दवाखान्यात ठेवलेलं असतं'. बीदर जिल्ह्यातल्या चिंताकीच्या आमच्या घरी असा फोन मी पहिल्यांदा उचलला तेव्हा मी कॉलेजात जात होते. उदगीरकडून माझ्या मामाच्या गावचा माणूस बोलत होता. म्हणाला, मामाला बांधावर जरा लागलंय, आईला घेऊन निघा, काळजी करू नका. मी ते जसंच्या तसं आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. तिनं पिठाचे हात तसेच कपाळावर मारून घेतले आणि दाराच्या चौकटीवर डोकं आपटायला लागली. मी तिला धरेपर्यंत कपाळ फुटलं होतं. अगं, नुसतं लागलंय म्हणालेत, असं मी ओरडत होते. आई म्हणाली, "काळजी करू नका म्हनलेत न्हवं? मग गेला."

गेलाच होता. हातभर बांधावरून भांडण लागलं आणि शेजारच्या शेतवाल्यानं मानेवर कुऱ्हाड घातली. आम्ही पोचलो तेव्हा माशा बसलेली ढेकळं कुणीतरी पाटीत गोळा करत होतं. त्या दिवशी मला आमच्या भागातली फोनची भाषा कळली. 'निघा' म्हणाले तर माणूस अवघड आहे. 'काळजी करू नका, निघा' म्हणाले तर संपला. आणि 'जेवून निघा' म्हणाले तर खुशाल समजावं की वाचला, कारण मयताच्या वाटेवर कुणी कुणाला जेवायला सांगत नाही. ही भाषा कुठल्या शाळेत शिकवत नाहीत, पण औरादपासून भालकीपर्यंत शेंबड्या पोरालाही ती येते.

पुढं मला नोकरी लागली तीही वाईट बातमी सांगण्याचीच. बीदरच्या बाहेर, कोळारच्या कारखान्यांच्या वस्तीत एका टायरच्या गोदामावर आमचं ऑफिस आहे. वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. ऊस, तूर, खडी, भंगार, जे जे ट्रॅक्टर-ट्रकवर लादून काट्यावर येतं त्याचं वजन, पावती आणि रांगेतला नंबर आमच्या सॉफ्टवेअरमधून जातो. सॉफ्टवेअर म्हटलं की दुरुस्ती आली, आणि दुरुस्ती म्हटली की तेवढा वेळ काटा बंद. तो बंद होणार आहे, झाला आहे, अजून सुरू झालेला नाही, हे गिऱ्हाइकाला कळवणं हे माझं काम. मराठी घरची, कानडी शाळेतली आणि दखनी बीदरच्या बसस्टँडवरची, अशा तीन जिभा माझ्याकडे आहेत म्हणून मला घेतलं.

शिव्याही मग तिन्ही भाषांतून मिळाल्या. कलबुर्गीकडचा एक डाळमिलवाला कानडीतून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. मी ऐकून घेणारी नव्हे. आलेली शिवी ठेवून घ्यायची नाही हा आमच्या बापाचा शिरस्ता, तो माझ्यात उतरला आहे. एकदा एक खडीक्रशरवाला पावती छापत नाही म्हणून अख्खा मॉनिटर काखेत मारून जिना चढून आला आणि माझ्या टेबलावर आपटला. काच उडून माझ्या गालात घुसली. माझ्या हातात कागदाला भोकं पाडायचं लोखंडी यंत्र होतं, ते मी त्याच्या कपाळावर हाणलं. दोघांनाही एकाच दवाखान्यात, एकाच कंपाउंडरनं टाके घातले. आमच्या सरांनी त्याचीच माफी मागितली. माझ्या गालावर अजून वण आहे. त्याच्याही कपाळावर असेल अशी मला आशा आहे.

सर म्हणजे आमचे मालक. बंगळुरात शिकून आलेले, मनानं वाईट नाहीत, पण 'बंद' हा शब्द त्यांच्या घशाखाली उतरत नाही. गिऱ्हाइकाला बंद म्हणायचं नाही, असा त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा हुकूम. कानडीत 'स्वल्प स्लो इदे' म्हणायचं, दखनीत 'थोडा स्लो है', मराठीत 'जरा स्लो चालायलंय'. सॉफ्टवेअर उताणं पडलेलं असायचं आणि मी तिन्ही भाषांतून ते जरा स्लो आहे म्हणून सांगत बसायचे. गिऱ्हाईक काही दुधखुळं नव्हतं. स्लो म्हटलं की ते फोन ठेवायचं आणि आमच्या नावानं खडे फोडायचं.

हा हुकूम मी एकाच माणसापुरता धाब्यावर बसवायचे. तो म्हणजे एका साखर कारखान्याच्या काट्यावरचा ऑपरेटर. मी त्यांना अण्णा म्हणायचे, ते मला अक्का म्हणायचे. कैक हंगाम आम्ही रोज बोललो, पण एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या काट्याच्या खोलीत फोनला धड रेंज नसायची. बोलता बोलता आवाज गायब व्हायचा. लाइन परत आली की ते फोनच्या पाठीवर नखानं दोनदा टकटक करायचे. म्हणजे मी आहे, बोला. मलाही मग ती सवय लागली.

साखर कारखाना सुरू असला की काटा रात्रंदिवस चालतो, त्यामुळं तो बंद ठेवायला चांगली वेळ अशी नसतेच. बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. रांगेतला नंबर संगणकात असतो. तो नंबर हुकला की ट्रॉली पुन्हा शेपटाला, आणि ऊस उन्हात वाळत पडला की वजन घटतं. त्यात काटा मारतात हा संशय तर उसाइतकाच जुना. अशा रांगेसमोर आज काटा बंद म्हणून उभं राहायचं म्हणजे वाघाच्या तोंडात हात घालायचा. अण्णा तो रोज घालायचे. पहिल्याच हंगामात ते मला म्हणाले होते, "अक्का, मला गोड बोलू नगा. काटा किती वाजता बंद हुतोय आन किती वाजता सुरू हुतोय, एवढंच सांगा. म्होरलं माझं तोंड बघून घेतंय."

आणि घ्यायचे. त्यांच्या बापजाद्यांनी माळावर मेंढरं वळलेली, आवाज त्या घराण्याचा. एखाद्या ट्रॉलीवर चढून ते तिन्ही भाषांत ओरडायचे. काटा बंद, अमुक वाजता सुरू, नंबर कागदावर घेतलेत, कुणी पुढं घुसला तर त्याची ट्रॉली आडवी करीन. लोक चार शिव्या द्यायचे, तंबाखू मळायचे आणि सावलीला जाऊन बसायचे. अण्णांनी दिलेली वेळ चुकायची नाही, कारण ती मी चुकू द्यायचे नाही. आमच्या इंजिनियरच्या डोक्यावर मी यमासारखी उभी असायचे. त्या काट्यावर आमच्या कंपनीची सगळी पत होती ती अण्णांच्या तोंडाची होती, आणि हे सरांना कधी उमगलं नाही.

गेल्याच्या गेल्या हंगामात सरांनी एक नवी सोय विकत घेतली. एक बटण दाबलं की काट्याच्या रांगेत नोंदलेल्या सगळ्यांच्या मोबाइलवर एकाच वेळी मेसेज जाणार. मधे ऑपरेटर नको, ओरडणं नको. मोठ्या दुरुस्तीच्या आदल्या दिवशी त्यांनी मेसेज मला वाचायला दिला. प्रिय शेतकरी बंधूंनो, काटा प्रणालीच्या देखभालीचे काम सुरू आहे. आपला नंबर सुरक्षित आहे. कृपया काळजी करू नका.

मी म्हणाले, सर, शेवटची दोन वाक्यं काढा आणि तिथं वेळ लिहा. ते म्हणाले, वेळ लिहिली की आपण अडकतो, आणि कस्टमरला धीर द्यायला नको का? मी त्यांना मामाचा फोन सांगितला. आईचं कपाळ सांगितलं. ज्या रांगेत निम्मी माणसं माझ्या गावासारख्या गावांची आहेत, त्यांना सुरक्षित आहे, काळजी करू नका म्हटलं तर ती काय समजतील, ते सांगितलं. सर हसले. म्हणाले, "ते मरणाचं झालं. हे मेंटेनन्सचं आहे." मी म्हणाले, काढणार का नाही? ते म्हणाले, बघतो. माझा आवाज तोवर इतका चढला होता की खाली गोदामातली माणसं टायर लोटायची थांबली होती.

दुसऱ्या दिवशी काम सुरू होण्याआधी मी नेहमीसारखा अण्णांना फोन लावला. टकटक झाली. मी सांगितलं की काटा आता बंद होतोय आणि दोन वाजता सुरू होईल. ते म्हणाले, जातो वरडायला. फोन न तोडता त्यांनी तो खिशात घातला. असं ते बरेचदा करायचे, आणि मीही कानाला लावून ठेवायचे, कारण अण्णांचं ट्रॉलीवरचं भाषण ऐकण्यासारखं असायचं. त्या दिवशी त्यांनी मराठीतून सुरुवात केली. काटा बंद, दोन वाजता सुरू, असं म्हणून ते कानडीकडे वळले, तेवढ्यात त्यांच्या आवाजामागं मोबाइल वाजायला लागले. आधी एक वाजला, मग दोनचार, मग सगळी रांगच वाजली. सरांनी बटण दाबलं होतं.

सगळेजण मेसेज वाचत असणार. मग एक बारीक आवाज आला, पुरुषाचा, पण सनईसारखा बारीक. तो मेसेज मोठ्यानं वाचत होता. नंबर सुरक्षित आहे, काळजी करू नका. वाचून झाल्यावर तोच म्हणाला, "म्हंजे गेला."

रांग उठली, ते मला ऐकू आलं. ट्रॅक्टरवरून उड्या पडल्या, दारं आपटली. अण्णा ओरडत होते की कुणाचा नंबर गेलेला नाही. त्या बारीक आवाजानं विचारलं, "अण्णा, खरं सांग. नंबर गेला का?"

"न्हाई रं. माझ्या लेकराची आन."

"मग आन कामून घ्यायलास?"

इथं मी खुर्चीवरून उठले. अण्णा जितकं नाही म्हणतील तितकं लोकांना ते होच वाटणार होतं. बांधावर पडलेल्या मामाबद्दलही वाटेत माणसं अशीच शपथेवर सांगत होती की नुसतं लागलंय. कुणीतरी ओरडलं की काट्यात आत घुसून वजनं बदलायलेत. दुसऱ्यानं दखनीतून शिवी हासडली. अण्णांना खाली ओढलं तेव्हा फोन खिशात असल्यानं त्यांचं अंग जमिनीवर आदळल्याचा दणका थेट माझ्या कानात बसला. मग उसांचा मार सुरू झाला. ट्रॉलीतून उपसलेले ओले ऊस पाठीवर पडत होते आणि दर फटक्याला अण्णांच्या तोंडून 'अरं ऐका' एवढंच निघत होतं. मी ऑफिसात उभी राहून त्या फोनमधे किंचाळत होते. नंबर हाय, म्हणत होते, सोडा त्यांना, नंबर हाय. खिशातल्या फोनचं कोण ऐकतंय?

मग तो बारीक आवाज म्हणाला, "जॅकचा दांडा आण."

लोखंड हाडावर बसल्याचा आवाज काही मोठा नसतो. ओलं लाकूड फोडताना ढलपी निघावी तेवढाच होतो. अण्णा 'अरं ऐ' म्हणाले आणि पुढचं 'का' आलंच नाही. त्यानंतर खोलीच्या काचा फुटल्या, संगणक फुटला, काट्याची वजन दाखवणारी पाटी फुटली. सगळं मी एकेक करून ऐकलं. सर धावत आले तेव्हा मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ऐका तुमचा धीर. ते इंजिनियरला म्हणाले, बंद कर, थांबव सगळं. इंजिनियर म्हणाला, आता मधेच थांबवलं तर नंबर खरोखरच जातील. म्हणून काम चालू राहिलं. टेबलावरचा फोन हळूहळू शांत झाला. मी त्यात तोंड घालून म्हणाले, अण्णा, टकटक करा. नुसती खरखर येत होती. मी पुन्हा म्हणाले. मग लाइन तुटली.

सरांनी कारखान्यात फोन लावला. पलीकडचा अधिकारी काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण सरांचं तोंड मला दिसत होतं. फोन ठेवून ते म्हणाले, "ऑपरेटरला जरा लागलंय. बीदरला नेलंय. काळजी करू नका म्हणाले." आणि हे शब्द स्वतःच्या तोंडून निघाल्यावर ते मटकन खाली बसले. त्यांना उठवून गाडीपर्यंत मला न्यावं लागलं. त्या क्षणी मला त्यांची दया आली नाही. त्यांचं डोकं मी त्यांच्या गाडीवरच आपटलं असतं, पण गाडी त्यांनाच चालवायची होती.

दवाखान्याच्या लांब वॉर्डात मी शिरले आणि मग माझ्या लक्षात आलं की अण्णा कसे दिसतात हे मला माहीतच नाही. पट्ट्या बांधलेले, सुजलेले, झाकलेले पुरुष दोन्ही बाजूंनी पडले होते. मला फक्त आवाज ठाऊक होता. मी वॉर्डाच्या मधोमध उभी राहून "अण्णा" म्हणून हाक मारली. आमच्याकडे अर्धं जग अण्णा असतं. दोघातिघांनी माना वळवल्या. मग खिडकीकडच्या खाटेवरून लोखंडावर नखानं वाजवल्याचा आवाज आला. दोनदा.

तोंड म्हणावं असं तिथं काही राहिलं नव्हतं. जबडा एका बाजूला सरकलेला, ओठ फाटून कानाकडे गेलेला, एक डोळा मिटून गेलेला. पाठीवर उसाचे काळेनिळे वळ होते. दात किती गेले ते अजून कुणी मोजलं नव्हतं. मी त्यांच्या पायाशी बसून ढसाढसा रडले. सरांनी काही बोलायला तोंड उघडलं, तर मी त्यांना वॉर्डाबाहेर काढलं.

तिथं कारखान्याचा एक माणूस घुटमळत होता. त्यानं सांगितलं की घरी कळवलंय, बायको जीपनं निघालीय. मी विचारलं, काय कळवलंत? तो म्हणाला, जरा लागलंय, काळजी करू नका, निघून या. मी त्याच्या शर्टाची कॉलर धरली आणि नंबर मागितला. फोन लावला तर पलीकडून आधी हंबरडाच ऐकू आला. जीपभर बायका रडत होत्या. मी जेवढं सरळ सांगता येईल तेवढं सांगितलं. जबडा मोडलाय, दात पडलेत, डोकं शाबूत हाय, जित्ते हायती, माझ्यासमोर हायती. ती म्हणाली, "मग त्यांचा आवाज ऐकवा."

मी फोन अण्णांच्या तोंडाशी धरला. घशातून हवा आली फक्त. त्यांनी जिवाच्या आकांतानं फोनच्या पाठीवर नखानं टकटक केली. बायकोला ती टकटक काय कळणार? ती खूण माझी आणि त्यांची, ऑफिसातली. तिनं घरी कधी ती ऐकलेली नव्हती. पलीकडून ती म्हणाली, हे काय वाजायलंय? आणि फोन कुणीतरी काढून घेतला.

ती आली तेव्हा वॉर्डातल्या सगळ्या खाटा हलल्या. मागं तिचे भाऊ, हातात काठ्या. जीपच्या लोखंडावर हात आपटून आपटून तिच्या बांगड्या फुटल्या होत्या आणि मनगटातून रक्त कोपरापर्यंत आलं होतं. ती आल्या आल्या जमिनीवर अंग टाकणार होती. तेवढ्यात तिला खाटेवर उशीला टेकून बसलेले अण्णा दिसले. ती जागच्या जागी थांबली. त्यांच्या मोडक्या तोंडाकडे, उघड्या डोळ्याकडे बघत राहिली. त्यांनी हात उचलला. मग ती माझ्याकडे वळली.

"फोनवर तूच व्हतीस?"

मी हो म्हणाले आणि तिनं माझ्या कानाखाली अशी वाजवली की माझा वण असलेला गाल दिवसभर बधिर राहिला. माझाही हात उठला होता. बापाचा शिरस्ता. पण तिच्या मनगटात बांगडीची काच अजून रुतलेली होती, ती मला दिसली आणि हात हवेतच राहिला. मी म्हणाले, अक्का, मी तर जित्ते हायती म्हणूनच सांगितलं तुला.

ती म्हणाली, "जित्ता हाय म्हनून समदेच सांगत्यात."

मग खाली बसून अण्णांच्या पायाला मिठी मारून तिनं जे रडायचं होतं ते रडून घेतलं. परिचारिकेनं चिमट्यानं तिच्या मनगटातली काच काढली. काठ्यावाले भाऊ कुणाला मारायचं ते न कळून उभे होते. मी त्यांना सर दाखवले नाहीत.

त्या दिवशी दोनच्या आतच दुरुस्ती पुरी झाली. एकही नंबर गेला नव्हता. सगळी रांग जशीच्या तशी संगणकात होती, पण ती दाखवायला काट्यावर पडदाच उरला नव्हता. पोलिसांनी चौकशी केली तेव्हा असं कळलं की मारहाण झाली त्या वेळी रांगेतल्या एकूण एक माणसाची पाठ तिकडे होती. मी जबाबात सांगितलं की मारायला लावणाऱ्याचा आवाज मी कुठंही ओळखीन. लिहून घेणारा म्हणाला, आवाजावर केस उभी राहत नाही बाई. त्यानं तेवढं वाक्य लिहिलंसुद्धा नाही.

ऑफिसात परतल्यावर सर दिलगिरीचा मेसेज तयार करत होते. झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे, सर्व यंत्रणा पूर्ववत होत आहे, कृपया. तिथंवर वाचून मी तो फोन त्यांच्या हातातून घेतला आणि भिंतीवर फेकून मारला. भिंतीचा पोपडा निघाला. मला वाटलं, आता नोकरी गेली. सर खाली वाकून ते तुकडे गोळा करायला लागले आणि म्हणाले, "मग काय लिहायचं ते तूच लिही." मी लिहिलं. काटा बंद आहे. अमुक वाजता सुरू होईल. जेवून घ्या. सरांनी विचारलं की जेवून घ्या कशाला. मी म्हणाले, ते तुम्हाला नाही कळायचं, ज्यांना कळायचं त्यांना कळतं. तेव्हापासून आमचा मेसेज तोच आहे. तूर असो नाहीतर भंगार, आम्ही गिऱ्हाइकाला जेवायला बसवतो. आणि खरं सांगायचं तर शिव्याही कमी झाल्या.

अण्णा पुढच्या हंगामात काट्यावर परत आले. जबड्यात पट्टी आहे. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. शब्द एका बाजूनं गळतात. मला अजून कळतात, बायकोला कळतात, बाकी लोक दोनदा विचारतात आणि मग लाजून नुसती मान हलवतात. पावत्या ते आजही झटपट काढतात. पण ट्रॉलीवर चढून ओरडायचं काम संपलं. ते घराण्याचं तोंड त्या दांड्यानं नेलं ते नेलंच.

म्हणून गेल्या हंगामातल्या मोठ्या दुरुस्तीला मी स्वतः गेले. मेसेज पाठवून मी निवांत बसू शकले असते, पण मला ती रांग डोळ्यांनी बघायची होती. काटा बंद झाला. अण्णांनी खोलीतूनच मला एक रिकामी ट्रॉली दाखवली. मी पदर खोचला आणि चढले. खाली माणसांची डोकी, टोप्या, उपरणी, मोबाइल. मी तिन्ही भाषांत ओरडले. काटा बंद आहे, दोन वाजता सुरू होईल, नंबर कागदावर घेतलेत, जेवून घ्या. डबे उघडायला लागले होते. तेवढ्यात खालून आवाज आला.

"अक्का, खरं सांगा. नंबर गेला का?"

सनईसारखा बारीक आवाज. चांगला आडदांड, मिशीवाला माणूस होता, हातात भाकरीचं फडकं. त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं, साधा प्रश्न विचारला होता त्यानं. माझ्या अंगातलं सगळं रक्त हाताच्या मुठीत आलं. ट्रॉलीच्या फाळक्यात एक लोखंडी कांब अडकवलेली होती, तिच्यावर माझा हात कधी गेला ते मला कळलं नाही. मी खोलीकडे बघितलं. नव्या काचेमागं अण्णा उभे होते. त्यांनीही तो आवाज ओळखला होता, कारण पावत्यांवरचा हात थांबला होता आणि मान पुढं आली होती. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मग त्यांनी नखानं काचेवर टकटक केली. दोनदा.

म्हणजे मी आहे, बोला.

मी कांब सोडली. त्या माणसाच्या डोळ्यात डोळा घालून, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नंबर हाय. दोन वाजता काटा सुरू हुईल. न्हाई झाला तर जॅकचा दांडा तुझ्याच ट्रॅक्टरात हाय, घिऊन ये. मी हितंच उभी हाय."

त्याच्या हातातलं फडकं सुटून भाकरी मातीत पडली. शेजारच्या माणसांनी त्याच्याकडे बघितलं, मग खोलीतल्या अण्णांकडे, आणि मग एकेक जण आपापल्या डब्यात बघायला लागला. मी दोन वाजेपर्यंत ट्रॉलीवरून उतरले नाही. काटा वेळेवर सुरू झाला. त्या माणसाची ट्रॉली त्याच्या नंबरानं आली, अण्णांनी वजन घेतलं, पावती फाडली आणि खिडकीतून त्याच्या हातात दिली.